हिशेब बरोबर, तरी यंत्रं उपाशी

प्रश्न : ‘फॅक्टोरिओ’ या कारखाना उभारायच्या संगणक-खेळात हिरव्या सर्किटसाठी तांब्याच्या तारेची तीन आणि सर्किटची दोन यंत्रं, सगळी सुरुवातीच्या पातळीची, आलटून-पालटून शेजारी-शेजारी लावली. पट्ट्यावर माल भरपूर, वीजही पुरेशी. तरी सेकंदाला दोन सर्किटं निघायची तिथे एकसुद्धा निघत नाही. प्रमाण चुकलं का?

उत्तर : नाही, ३ : २ हेच प्रमाण. तांब्याच्या एका प्लेटच्या दोन तारा होतात. एका सर्किटला तीन तारा आणि लोखंडाची एक प्लेट लागते. दोन्ही कामांचा मूळ वेळ अर्धा सेकंद; या यंत्राचा वेग ०.५, म्हणजे निम्मा, म्हणून दोन्हींना एकेक सेकंद. तीन यंत्रांच्या सहा तारा, दोन सर्किटांना बरोब्बर.

घोडं अडलंय इन्सर्टरपाशी, म्हणजे माल उचलून पुढे ठेवणाऱ्या यांत्रिक हातापाशी. पिवळा इन्सर्टर सुरुवातीला सेकंदाला ०.८३ नगच हलवतो. तारेच्या प्रत्येक यंत्रामागे एकच असेल तर तिन्ही मिळून २.५ तारा पुढे जातात, म्हणजे सर्किटं ०.८३! खात्री करायची तर तारेचं यंत्र उघडा. आत तारा साचल्यात आणि शेजारचं सर्किटचं यंत्र मालासाठी खोळंबलंय, तर दोष मधल्या हाताचाच.

तिथे निळा, वेगवान इन्सर्टर लावा, तो २.३१ नग हलवतो. तारेच्या मधल्या यंत्राला दोन लागतील, दोन्हीकडे एकेक. प्लेट आत घेणारे आणि सर्किट बाहेर काढणारेही बदला, कारण सेकंदाला एक नगसुद्धा पिवळ्याला झेपत नाही. (नवखे इथेच आणखी यंत्रं लावत सुटतात.)

मग भट्ट्या मोजा. आता सेकंदाला लोखंडाच्या दोन आणि तांब्याच्या तीन प्लेट लागतील. दगडी भट्टी एका प्लेटला ३.२ सेकंद घेते. म्हणून लोखंडाला ७, तांब्याला १०.

प्रश्न : हे तर हिशेबनिसाचं काम. मग त्यात रात्र कशी सरते?

उत्तर : कारण चूक डोळ्यांना दिसते आणि दुरुस्तीचं फळ मिनिटभरात मिळतं. शिवाय अडचण संपत नाही, जागा बदलते : इन्सर्टर सुटला की भट्टी, भट्टी सुटली की खाण. १९९१च्या ‘सिव्हिलायझेशन’ या साम्राज्य उभारायच्या खेळातही तेच. संशोधन, बांधकाम, सैन्य यांपैकी काहीतरी कायम दोन खेळींवर आलेलं असतं. सगळं एकदम पूर्ण होईल आणि मग उठू, अशी वेळ येतच नाही. म्हणून अर्ध्यावरच उठायचं : नकाशावर काम अडलेल्या जागी खूण करून पुढचं काम दोन शब्दांत लिहा आणि खेळ सेव्ह करा.