ट्रान्सजेंडर लोक सैन्यात आले तर शिस्त बिघडते का? आणि रोजच्या व्यवहारात त्यांच्याशी वागायचं कसं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सरळ आहे, नाही बिघडत. नेदरलँड्समधे १९७४ पासून ट्रान्सजेंडर लोक उघडपणे सैन्यात आहेत. अमेरिकेतल्या रँड या संस्थेने २०१६ ला ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इस्रायल आणि ब्रिटन या चार सैन्यांचा अनुभव तपासला, तर तुकडीच्या एकजुटीवर किंवा तयारीवर म्हणावा असा परिणाम कुठेच दिसला नाही. खर्चाचं म्हणाल तर अमेरिकन सैन्याचा आरोग्यावरचा खर्च फारतर ०.१३ टक्क्यांनी वाढेल असा त्यांचा अंदाज होता.

तरी तिथे काय चाललंय बघा, २०१६ ला परवानगी, २०१९ ला बंदी, २०२१ ला बंदी उठली, २०२५ ला परत लागू. मला यात सगळ्यात वाईट हे वाटतं की सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून जे सैनिक स्वतःबद्दल खरं बोलले, नेमके तेच सापडले. गप्प बसले असते तर वाचले असते, अशी शिक्षा खरं बोलण्याला का?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे कारण सैन्यात निदान काम तरी दिसतं, बाहेर लोक माणसाकडेच बघत बसतात. डायन श्रोअर अमेरिकन सैन्यात २५ वर्षं होत्या, स्पेशल फोर्सेसमधे, कर्नल म्हणून निवृत्त झाल्या. नंतर लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाने, त्यांना दहशतवाद विषयातले तज्ज्ञ म्हणून नोकरी देऊ केली, तेव्हा कागदावर नाव पुरुषाचं होतं, आणि रुजू व्हायच्या आधी त्यांनी स्वतःहून सांगितलं की मी स्त्री म्हणून कामावर येणार आहे, तर दुसऱ्याच दिवशी ऑफर रद्द! अनुभव तोच, डोकं तेच. त्या कोर्टात गेल्या आणि २००८ ला जिंकल्या. न्यायाधीशांचा मुद्दा मला फार पटला, की समजा एखादा मालक म्हणाला माझा ख्रिश्चनांवर राग नाही, ज्यूंवरही नाही, फक्त धर्म बदलणारे नकोत, तर तो धर्मावरूनच भेदभाव झाला ना, मग हेही तसंच.

अजून जुनं उदाहरण अल्बर्ट कॅशियर यांचं. जन्माने मुलगी, पण अमेरिकन यादवी युद्धात इलिनॉयच्या ९५व्या पायदळात लढले आणि नंतरही पुरुष म्हणूनच जगले. म्हातारपणी मनोरुग्णालयात त्यांना जबरदस्तीने बायकांचे कपडे घालायला लावले. जुने सोबती मात्र ठामपणे सांगत राहिले की हाच आमच्याबरोबर लढलेला अल्बर्ट, पेन्शन चालू राहिली, आणि १९१५ ला वारल्यावर गणवेशातच, लष्करी मानाने दफन झालं. ज्यांनी बरोबर काम केलं होतं त्यांना काही अडचण नव्हती.

वागायचं कसं तर अवघड काही नाही. जे नाव सांगितलंय त्याच नावाने हाक मारा, तोंडून जुनं निघालं तर पटकन सुधारून पुढे बोला, दहा मिनिटं माफी मागत बसू नका, त्याने समोरचाच अवघडतो. ऑपरेशन झालं का वगैरे अजिबात विचारू नका, माझ्या एका ट्रान्स सहकाऱ्याला ओळख झाल्या झाल्या लोक हेच विचारायचे आणि मला ऐकतानाच लाज वाटायची. आणि कोणी विश्वासाने तुम्हाला सांगितलं असेल तर ते तिसऱ्याला सांगू नका, अगदी चांगल्या हेतूनेही नको, कारण अशी गोष्ट चुकीच्या माणसापर्यंत गेली की घर आणि नोकरी दोन्ही जाऊ शकतं.