जेम्स बरोज आणि त्यांचे हजार भाग

तुमचे प्रश्न तीन आहेत. 'फ्रेंड्स', 'फ्रेझर', 'विल अँड ग्रेस', 'द बिग बँग थिअरी' अशा वेगवेगळ्या अमेरिकी विनोदी मालिकांच्या पहिल्या भागाच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून जेम्स बरोज हे एकच नाव कसे. एका माणसाने हजारावर भाग दिग्दर्शित केले हे खरे मानावे का. आणि अमेरिकेतली विनोदी मालिका लेखकांच्याच हातात असते असे म्हणतात, मग तिथे दिग्दर्शक करतो तरी काय.

आकड्याचे आधी मिटवून टाकू. तो खरा आहे. बरोज यांनी दूरचित्रवाणीवर दिग्दर्शन सुरू केले १९७४ मध्ये आणि त्यांच्या हजाराव्या भागानिमित्त एनबीसी वाहिनीने गौरवाचा खास कार्यक्रम केला फेब्रुवारी २०१६ मध्ये. बेचाळीस वर्षांत हजार म्हणजे वर्षाला सरासरी चोवीस भाग झाले. स्टुडिओत प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या अशा विनोदी मालिकेचा एक भाग सोमवार ते शुक्रवार अशा एका आठवड्यात उभा राहतो, म्हणजे वर्षातले निम्मे आठवडे सेटवर काढले तरी हिशेब जुळतो. खरे नवल मला या आकड्यापेक्षा इतकी वर्षे प्रत्येक नव्या निर्मात्याला हाच माणूस हवासा वाटला याचे वाटते, आणि त्याचे मूळ त्यांच्या घरात आणि नाटकात आहे.

त्यांचे वडील एब बरोज हे ब्रॉडवेवरचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरचे मोठे नाव. 'गाइज अँड डॉल्स' या गाजलेल्या संगीतिकेच्या संहितेचे ते सहलेखक होते आणि पुढे एका संगीतिकेसाठी त्यांना पुलित्झर पुरस्कारही मिळाला. जेम्स यांचा जन्म डिसेंबर १९४० चा, लॉस एंजेलिसचा. वाढले मात्र न्यूयॉर्कमध्ये. ओबर्लिन महाविद्यालय आणि येल विद्यापीठाची नाट्यशाळा झाल्यावर ते रंगमंच व्यवस्थापनात शिरले. १९६६ मध्ये 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज' या कादंबरीवर आधारित एका संगीतिकेत ते काम करीत होते. ती इतकी फसली की अधिकृत शुभारंभाआधीच निर्मात्याने बंद केली. तिची नायिका होती मेरी टायलर मूर. पुढे काही वर्षे बरोज लहानमोठ्या नाट्यसंस्थांतून नाटके बसवत राहिले. दूरचित्रवाणीवर मेरी टायलर मूर यांची मालिका पाहताना त्यांच्या लक्षात आले, की ही मंडळी तर दर आठवड्याला प्रेक्षकांसमोर एक छोटे नाटकच करीत आहेत आणि आपण इथे तेच करतो. त्यांनी जुन्या ओळखीवर पत्र टाकले, मूर यांचे पती आणि निर्मितिसंस्थेचे प्रमुख ग्रँट टिंकर यांनी बोलावून घेतले आणि जे सँड्रिच या अनुभवी दिग्दर्शकाच्या मागे उभे राहून बरोज यांनी कॅमेऱ्यांचे तंत्र शिकून घेतले. बुडालेल्या नाटकाचा इतका मोबदला क्वचितच कुणाला मिळाला असेल.

आता त्या कामाची रीत पाहू. ज्या मालिका बरोज करीत आले त्या तीन-चार कॅमेऱ्यांनी, स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर चित्रित होतात. ही पद्धत १९५१ च्या 'आय लव्ह लूसी'ने रूढ केली. पहिल्या दिवशी सगळे टेबलाभोवती बसून संहिता वाचतात, पुढचे दोन दिवस तालमी होतात, संध्याकाळी लेखकांसमोर पूर्ण भाग करून दाखवायचा, ज्या विनोदावर कुणी हसले नाही तो लेखक रात्री बसून बदलणार, चौथ्या दिवशी कॅमेऱ्यांच्या जागा ठरणार आणि पाचव्या दिवशी प्रेक्षक येणार. शब्द लेखकांचे असतात आणि शेवटचा निर्णयही त्यांचाच. मालिका चालवणारा प्रमुख लेखकच तिचा खरा मालक असतो हे तुम्ही ऐकलेले बरोबर आहे. परंतु ते शब्द नटाने उभे राहून म्हणायचे की बसून, वाक्य संपताना तो कुठे पोहोचलेला असावा, हशा किती पिकू द्यायचा आणि तो ओसरू लागला की नेमके कधी पुढचे वाक्य टाकायचे, हे सारे तालमीत ठरते, आणि तालीम दिग्दर्शकाची असते. हौशी नाटकांच्या विंगेत काही वर्षे काढल्यामुळे मला हे पटकन पटते: हशात बुडालेले वाक्य पुन्हा वर येत नाही.

बरोज यांच्याविषयी त्यांचे नट नेहमी एक गोष्ट सांगतात. चित्रण चालू असताना ते मॉनिटरकडे जवळजवळ पाहतच नाहीत. कॅमेऱ्यांच्या मागून येरझारा घालतात, बहुतेक वेळ मान खाली, आणि कान देऊन ऐकतात. लय चुकली की थांबवतात. कॅमेरे मात्र त्यांना कळत नाहीत असे अजिबात नाही. १९७८ मध्ये 'टॅक्सी' सुरू झाली तेव्हा टॅक्सी कंपनीच्या गॅरेजचा सेट इतका प्रशस्त होता की तीन कॅमेऱ्यांत तो मावेना, म्हणून त्यांनी चौथा कॅमेरा आणला आणि पुढे या पद्धतीच्या मालिकांत चार कॅमेरे हाच पायंडा पडला.

'टॅक्सी'वरचेच सहकारी ग्लेन आणि लेस चार्ल्स या लेखक बंधूंबरोबर त्यांनी १९८२ मध्ये 'चीअर्स' निर्माण केली, आणि माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम काम तेच. बॉस्टनमधला एक बार, त्याचा मालक असलेला निवृत्त बेसबॉल खेळाडू आणि तिथे नाइलाजाने नोकरी धरणारी एक सुशिक्षित, बोलघेवडी तरुणी, एवढेच भांडवल. (वडील एब यांनीही चाळीसच्या दशकात एका मद्यगृहावरची रेडिओ मालिका लिहिली होती, वारसा असा चालत येतो.) पहिल्या हंगामात कॅमेरा बारच्या बाहेर पाऊल टाकत नाही. त्या वर्षी मालिका प्रेक्षकसंख्येच्या यादीत जवळजवळ तळाला होती, तरी वाहिनीने धीर धरला. ती अकरा हंगाम चालली आणि १९९३ मधला शेवटचा भाग सुमारे ८ कोटी लोकांनी पाहिला. तिच्या २७५ भागांपैकी २३० हून अधिक बरोज यांचे आहेत.

त्या मालिकेतला नॉर्मचा, म्हणजे बारमधल्या रोजच्या गिऱ्हाइकाचा, प्रवेश जरा बारकाईने पाहा. दार उघडते, सारा बार एका आवाजात त्याच्या नावाने ओरडतो, हा जाडजूड गृहस्थ आपल्या ठरलेल्या कोपऱ्यातल्या स्टुलाकडे चालू लागतो, वाटेत कुणीतरी 'काय चाललंय' अशा अर्थाचे विचारते आणि तो चालता चालताच एक तिरकस उत्तर देतो. हशा पिकतो आणि तो ओसरेपर्यंत महाशय बसलेले असतात, पुढ्यात ग्लास आलेला असतो. म्हणजे दारापासून स्टुलापर्यंतचे अंतर हे हशाचे माप आहे. उत्तर दर वेळी लेखक नवे लिहितात, पण ती चाल बसवलेली आहे, आणि ती प्रेक्षकाला इतकी अंगवळणी पडते की दार उघडताच तो हसायला तयार होतो.

पहिला भाग त्यांच्याकडे का येतो हे आता ध्यानात येईल. पहिल्या भागात बसवलेली चाल पुढे वर्षानुवर्षे टिकते: कोण कुठे बसते, दार कोणत्या बाजूला, कोणत्या दोघांना एका चौकटीत ठेवले की गंमत येते. नंतर आठवड्याआठवड्याने येणारे दिग्दर्शक हे घर तयार मिळालेले पाहुणे असतात. 'द बिग बँग थिअरी'चा पहिला भाग तर त्यांनी दोनदा केला. पहिला प्रयत्न वाहिनीने नाकारला, नायिकेचे पात्रच बदलले, आणि २००७ मध्ये प्रसारित झालेला दुसरा प्रयत्न बारा हंगाम टिकणाऱ्या मालिकेचा पाया ठरला. 'फ्रेंड्स'च्या वेळी, १९९४ मध्ये, पहिला भाग प्रसारित होण्याआधीच ते सहाही नटांना लास व्हेगासला जेवायला घेऊन गेले, इतक्या निवांतपणे लोकांत फिरण्याची ही तुमची अखेरची संधी आहे असे बजावले, आणि जुगारासाठी पैसे स्वतःच्या खिशातून उसने दिले. गंमत म्हणजे पुढे 'फ्रेंड्स'चे त्यांनी एकूण पंधराच भाग केले. उलट 'विल अँड ग्रेस'चे सारेच्या सारे, २४६ भाग त्यांचे आहेत.

सगळेच सोने झाले असे मात्र समजू नका. त्यांच्या कितीतरी मालिका एका हंगामात गुंडाळल्या गेल्या. चित्रपट त्यांनी एकच दिग्दर्शित केला, १९८२ मध्ये, आणि तो कुणाच्या लक्षात राहिला नाही. दोन हजारच्या दशकात एका कॅमेऱ्याने, प्रेक्षकांविना चित्रित होणाऱ्या मालिका मान्यता पावल्या आणि हशा ऐकू येणारी मालिका जुनाट ठरू लागली. हा हशा सरसकट डबाबंद, म्हणजे आधीच मुद्रित करून ठेवलेला असतो असे आपल्याकडे समजतात, ते बरोज यांच्या मालिकांबाबत चूक आहे. ध्वनिमुद्रणात तो थोडा सारखा करतात, पण मूळ हसणारी माणसे समोर बसलेली असतात. बरोज यांनी प्रेक्षकांसमोरच्या चित्रणाची ही वाट सोडली नाही. ती मर्यादा आहे असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

२०२३ मध्ये 'फ्रेझर' नव्याने सुरू झाली तेव्हा पहिले दोन भाग दिग्दर्शित करायला बरोज यांनाच बोलावले; वय वर्षे ८२. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर 'चीअर्स'चा पहिला भाग एकदा नीट पाहा आणि मग पुन्हा, पडद्याकडे पाठ करून, नुसता ऐका.