तसबीर मागच्या रांगेतून दिसली पाहिजे

सप्रेम आशीर्वाद.

'संगीत संशयकल्लोळ' करायला घेतलंस हे वाचून बरं वाटलं. पण पत्रातला पहिलाच प्रश्न 'पदं, म्हणजे नाटकातली गाणी, किती ठेवू?' हा, तिथे थोडा अडखळलो. पदांचं बघू. तू तसबिरीचं काय करणार आहेस ते आधी सांग.

हसू नकोस. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली हे नाटक आधी गद्यच लिहिलं होतं. नाव 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. मूळ धागा फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनाचा, त्यावरून आर्थर मर्फीनं १७६१मध्ये इंग्रजी नाटक रचलं आणि ते देवलांनी घेतलं. पदं आली १९१६मध्ये, गंधर्व नाटक मंडळीसाठी. म्हणजे पदांवाचून या नाटकाचं चाललेलं आहे. तसबिरीवाचून एक प्रवेशही चालणार नाही.

साखळी बघ. रेवतीला भररस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि ते नेमकं त्याच्या बायकोला, कृत्तिकेला दिसतं. रेवतीजवळची, तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या अश्विनशेटची तसबीर तिथेच पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर बघून फाल्गुनराव पेटतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे बघून अश्विनशेटच्या डोक्यात रेवतीबद्दल किडा शिरतो. चौघांनीही अर्धवटच पाहिलंय, सगळं पाहिलंय ते फक्त प्रेक्षकानं. त्याला दिसलं नाही, तर हसणार कशाला?

आमच्या हौशी मंडळात मी फाल्गुनराव करायचो. पहिल्या प्रयोगाला तसबीर पोस्टकार्डाएवढी, वर काळपट चौकट. मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडतोय आणि समोर गार. मध्यंतरात एका आजोबांनी विंगेत येऊन विचारलं, "त्या बाईंच्या हातात आरसा होता का हो?" दुसऱ्या प्रयोगाला वितीपेक्षा मोठी पितळी चौकट केली आणि कृत्तिकेला सांगितलं, उचललीस की दोन पावलं पुढे ये, उजेडात बघ, मगच बोल. माझी वाक्यं तीच, ओरडणंही तेच. पण हशा असा आला की पुढचं वाक्य मला थांबवून धरावं लागलं.

कुणी तरी तुला सुचवेलच की तसबिरीऐवजी मोबाइल घ्या, तरुणांना जवळचं वाटेल. ऐकू नकोस. मोबाइलला कुलूप असतं. शिवाय तो पडला तर माणूस आधी काच फुटली का ते बघतो.

आता फाल्गुनराव. ही भूमिका नटवर्य गणपतराव बोडसांनी गाजवली आणि तेव्हापासून प्रत्येक नटाला ती 'विनोदी' वाटते. तुझ्या नटाला तालमीत हा शब्द उच्चारू देऊ नकोस. त्या माणसाचा संसार त्याच्या डोळ्यांसमोर बुडतोय, निदान त्याला तसं वाटतंय. त्यानं प्रेक्षकांकडे बघून डोळे मिचकावले की खेळ संपला. त्याच्या नोकराला, भादव्याला, थोडी मोकळीक दे, पण धन्याला नको.

रेवतीपाशी मात्र जरा थांब. ती मघा नावाच्या नायकिणीच्या, म्हणजे गाण्याबजावण्यावर जगणाऱ्या बाईच्या, घरातली. अश्विनशेटला तिच्याशी लग्न करायचंय, आणि तरी एक तसबीर इकडची तिकडे झाली की तो डगमगतो. फाल्गुनरावाचा संशय स्वभावातून येतो. अश्विनशेटचा संशय तिच्या घराण्यावर बोट ठेवून येतो, आणि म्हणून तो जास्त कुरूप आहे. हल्ली हा संदर्भ अवघड वाटतो म्हणून तो पुसट करतात आणि रेवती नुसती भरजरी शालूतली गाणारी बाई उरते. तिचा राग खरा असू दे. बालगंधर्वांची रेवती त्यांच्या गाण्यासाठी आठवली जाते, पण तुझ्या रेवतीकडे तो गळा नसणार. मग तिला निदान कणा तरी दे.

आणि हो, पदं. आकडा मी देणार नाही. एकेक पद घे आणि विचार, हे सुरू व्हायच्या आधी पात्राला काय वाटत होतं आणि संपल्यावर काय वाटतंय? दोन्हीकडे उत्तर एकच आलं तर खुशाल काप. अश्विनशेटच्या 'मृगनयना' या पदाला हात लावू नकोस. फक्त तुझ्या नटाला बजाव की दरबारी राग मैफलीत मांडायचा तो वेगळा, इथे तो एका स्त्रीचं वर्णन करतोय. शब्द आधी पोचू दे, मग एखादी जागा, एखादी तान. गाणारा नट मिळाला की तो हमखास पदातच घर बांधून राहतो, आणि त्या वीस मिनिटांत कोण कोणावर संशय घेत होतं हे प्रेक्षक विसरून जातो. वन्समोअर आलाच तर शेवटच्या अंकात अजिबात घेऊ नकोस. तिथे गाठी सुटायच्या असतात, घाई हवी.

ऑर्गन आणि तबला विंगेत कोंबू नकोस. नटाला पेटीवाला दिसला पाहिजे, नाहीतर गद्यातून पदात शिरताना अर्ध्या सेकंदाची फट पडते. ती प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण खटकते.

भाषेला फारशी कात्री लागणार नाही. देवलांची वाक्यं तोंडात बसतात, ते तालीममास्तर होते. एखादा शब्द अडला तर नटाला तो कृतीनं सोडवू दे. बाकी नेपथ्य, कपडे यांतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तसबिरी दोन कर, एक प्रयोगाची, एक जास्तीची, आणि दोन्ही एकाच माणसाच्या ताब्यात असू देत. रविवारच्या तालमीला येतो. मी शेवटच्या रांगेत बसेन. तू कृत्तिकेला ती उचलायला सांग, मला अश्विनशेटच्या मिशा दिसल्या की हात वर करतो.