पाहुणी मुलगी दार लावून बसते तेव्हा

"मॅडम, ती आमच्याशी बोलतच नाही. शाळेतून येते, हसते, खोलीत जाते आणि दार लावून घेते. आमचं काही चुकतंय का?"

एक्स्चेंज प्रोग्राममधून परदेशी मुलगा किंवा मुलगी वर्षभरासाठी घरी ठेवून घेणारी कुटुंबं समुपदेशनासाठी माझ्याकडे हा प्रश्न बरेचदा घेऊन येतात, आणि तो साधारण दुसऱ्या महिन्यात येतो. विमानतळावरचे फोटो काढून झालेले असतात, नातेवाईक बघून गेलेले असतात, नव्याचे नऊ दिवस सरलेले असतात. आता घरात एक सोळा-सतरा वर्षांचं माणूस असतं आणि त्याच्याशी रोज नेमकं कसं वागायचं हे कुणालाच उमगत नसतं.

ज्या कुटुंबाबद्दल सांगते आहे त्यात आई-वडील दोघेही नोकरी करणारे, घरात चौदा वर्षांची मुलगी, आणि दहा महिन्यांसाठी आलेली सोळा वर्षांची पाहुणी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत आईने तक्रार थोडी केली आणि यादी मोठी वाचली. तिच्यासाठी स्वतंत्र खोली दिली. नवा पलंग आणला. दर शनिवार-रविवार कुठे ना कुठे फिरायला नेतो. घरातल्या एकाही कामाला हात लावू देत नाही. "तळहाताच्या फोडासारखं जपतोय हो तिला. पण तिला त्याचं काहीच नाही."

शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. काळजी खरी होती, पण त्या काळजीच्या पोटात एक हिशेबही होता. यात मला नवल वाटलं नाही. एएफएस ही संस्था 1947 पासून शाळकरी मुलांना दुसऱ्या देशातल्या घरांत पाठवते आहे. रोटरीचा युथ एक्स्चेंजही जुना. अशा कार्यक्रमांत यजमान कुटुंबं बहुधा मोबदल्याशिवाय, हौसेने मूल ठेवून घेतात. पैशाचा व्यवहार असता तर परतफेड पैशात झाली असती. तो नसतो, म्हणून परतफेड आपुलकीच्या रूपात यावी असं वाटू लागतं. 'उपकार' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, पण मुलीने रात्री जेवून लगेच खोलीत जाऊ नये, आमच्यात बसावं, ही अपेक्षा त्याच हिशेबातून आलेली असते.

मी विचारलं, "तुमची मुलगी शाळेतून आल्यावर काय करते?"

वडील हसले. "दार लावून बसते."

आई हसली नाही. म्हणाली, "ती आमची आहे, तिचं वेगळं."

ते खरंच आहे. आपल्या मुलीने दार लावलं तर आपण ते वयाच्या खात्यावर टाकतो. पाहुणीने लावलं की नाकारल्यासारखं वाटतं.

वडिलांनी एक आलेखही आणला होता, 'यू' आकाराचा: आधी आनंद, मग खोल दरी, मग हळूहळू रुळणं. "ती आता खाली आहे, चौथ्या-पाचव्या महिन्यात आपोआप वर येईल ना?" हा आलेख इंटरनेटवर सगळीकडे फिरतो. त्याचं मूळ नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांच्या 1955 च्या अभ्यासात आहे. अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांशी त्यांनी बोलून घेतलं होतं. ती मोठी माणसं होती, कुणाच्या घरात राहणारी शाळकरी मुलं नव्हती. पुढे 1998 मध्ये मानसशास्त्रज्ञ कॉलिन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांना ते पोहोचल्यापासून वर्षभर तपासलं, तर सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला. त्यामुळे त्या आलेखावर माझा फारसा भरवसा नाही. माझा आक्षेप त्याच्या आकारापेक्षा त्याने मिळणाऱ्या सवलतीला आहे: दरी आहे, निघून जाईल, तोवर आपण काही बोलायला नको.

मुलीशी मी लगेच बोलले नाही. ती अल्पवयीन, आणि तिची कायदेशीर जबाबदारी या आई-वडिलांकडे नव्हती. आधी संस्थेच्या कोऑर्डिनेटरला कळवलं, त्यांच्यामार्फत तिच्या आई-वडिलांची संमती आली आणि तिलाही 'यायचं आहे का' असं विचारलं गेलं. यजमान कुटुंबांना हे सगळं अवडंबर वाटतं. पण मुलीला आपल्या परस्पर डॉक्टरकडे नेल्यासारखं वाटलं, तर समोर बसूनही ती काही सांगत नाही.

आम्ही इंग्रजीत बोललो. ती भाषा ना तिची, ना माझी. "कसं वाटतंय?" या प्रश्नाला तिच्याकडे एकच उत्तर तयार होतं: फार चांगले लोक आहेत, फार प्रेमळ आहेत. म्हणून भावनांचा विषय सोडून दिला आणि कालचा दिवस सकाळपासून सांगायला लावला. उठलीस, मग? मग कुठे गेलीस? तिथे कोण होतं?

असं तासातासाने विचारल्यावर घर दिसायला लागतं. सकाळी ती जागी होऊन पलंगावरच बसून राहत होती, कारण बाथरूम नेमकं कधी मोकळं असतं हे तिला कळलं नव्हतं. दाराबाहेरच्या पावलांचे आवाज ऐकून ती अंदाज बांधायची. रात्री भूक लागली तर तशीच झोपायची, कारण फ्रिज न विचारता उघडायचा की नाही हे ठाऊक नव्हतं आणि झोपलेल्या माणसांना उठवून विचारायचं कसं? आतले कपडे ती अंघोळीच्या वेळी हाताने धुवायची आणि कपाटात, हँगरच्या मागे, दार किंचित उघडं ठेवून वाळत घालायची. कपाटाला कुबट वास येऊ लागला होता, आणि तो कुणाच्या नाकात जाऊ नये म्हणून खोलीचं दार बंद.

आणखी एक गोष्ट तिने सहज सांगितली. पहिल्या दिवशी यजमान आईने प्रेमाने म्हटलं होतं, "मला आईच म्हण." तिची आई तर आहे, रोज फोनवर बोलते. तो शब्द तिच्या तोंडून निघेना. नावाने हाक मारणं उद्धटपणाचं होईल अशी भीती. मग तिने हाक मारणंच बंद केलं. काही हवं असेल तर खोलीच्या दारात येऊन उभी राहायची, कुणाचं लक्ष जाईपर्यंत. आईने मला आधीच सांगितलं होतं: "भुतासारखी येऊन उभी राहते हो, बोलत काहीच नाही."

शनिवार-रविवारच्या सहलींबद्दल विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. शाळेत सहा-सात तास परकी भाषा कान देऊन ऐकायची, अर्धी समजायची, उरलेली चेहऱ्यांवरून जुळवायची. संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. त्या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते, आणि बिनओळखीच्या भाषेत दिवस काढणाऱ्या मुलाला त्यातला एकही तास सोडून चालत नाही. आणि मग सुटीच्या दिवशी गाडीत बसून, खूश दिसायचं. "मी हसले नाही तर त्यांना वाईट वाटेल," ती म्हणाली.

म्हणजे घरच्यांना ती तुटक वाटत होती, आणि ती मात्र दिवसभर त्यांना सांभाळत होती. दार लावलेली खोली ही एकच जागा होती जिथे तिला चेहरा सैल सोडता येत होता.

रोटरीच्या युथ एक्स्चेंजमध्ये 'पहिल्या रात्रीचे प्रश्न' नावाची एक यादी वापरतात. पाहुण्या मुलाने नव्या घरी गेल्या गेल्या यजमानांबरोबर बसून ती वाचायची. तुम्हाला काय हाक मारू? मळलेले कपडे कुठे टाकू? आतले कपडे मी स्वतः धुवायचे का? बाथरूम वापरायला सकाळची कोणती वेळ सोयीची? भूक लागली तर मी हाताने घेऊन खाऊ का? रोज मी घरातलं काय काम करू? ही यादी पहिल्यांदा वाचणाऱ्याला हसू येतं, इतकं साधं काय विचारायचं! पण ज्याने ती लिहिली त्याने बरीच मुलं कपाटात कपडे वाळवताना पाहिली असणार.

या कुटुंबाचा कार्यक्रम वेगळा होता. पण यादी कुणाचीही चालते. मुलीच्या परवानगीने, तिने बोललेलं एकही वाक्य तिच्या नावावर न घालता, मी ती आई-वडिलांच्या हातात दिली आणि सांगितलं, रविवारी कुठे जाऊ नका. चौघं बसा, एकेक प्रश्न वाचा, आणि उत्तर तुमची मुलगी देईल. मोठ्यांनी उत्तरं दिली की ते नियम होतात, आणि 'हे तुझंच घर आहे' छापाचं उत्तर तर त्याहून निरुपयोगी. फ्रिजमधलं काय घ्यायचं आणि काय उद्याच्या डब्यासाठी ठेवलेलं असतं, हे चौदा वर्षांच्या मुलीइतकं नेमकं कुणालाच माहीत नसतं.

आईचा विरोध कामावर होता. "पाहुण्या मुलीला भांडी घासायला लावू?" भांडीच असं नाही. पण ज्या घरात आपल्यावाचून काही अडत नाही, तिथे माणूस वर्षभर लॉजवर उतरल्यासारखा राहतो. शेवटी तिच्याकडे संध्याकाळी कुत्र्याला फिरवून आणणं आणि जेवणाची पानं घेणं आलं. हाकेचा प्रश्न 'मावशी'वर मिटला.

त्या रविवारी एक वेगळीच गोष्ट वर आली. यादीत 'माझं सामान कुठे ठेवू' असा प्रश्न होता. त्यावर घरच्या मुलीने फटकन उत्तर दिलं, "माझ्या कपाटात. खोली माझीच होती." पाहुणीला दिलेली स्वतंत्र खोली तिची होती. तिला ते सांगितलं गेलं होतं, विचारलं गेलं नव्हतं. आई-वडील दोन महिने परक्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि आपली मुलगी बैठकीच्या खोलीत गादी घालून झोपत होती, हे त्यांच्या लेखी सोयीचा भाग होतं. होस्ट फॅमिली होण्याचा विचार करणाऱ्यांना मी आता आधी हेच विचारते: घरातल्या मुलाला काय सोडावं लागणार आहे, आणि त्याने होकार दिला आहे का? फॉर्मवरच्या सह्या मोठ्यांच्या असतात, पण किंमत पुष्कळदा धाकटे मोजतात.

फोनबद्दल थोडं, कारण तो प्रश्न हमखास येतो. घरी फोन केल्यावर मूल रडतं, म्हणून फोन बंद करावा असं मोठ्यांना वाटतं. रडू फोनने आणलेलं नसतं, ते आधीपासून असतं. फोन हिसकावू नये. मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या गप्पांना मात्र वेळ ठरवून द्यावी, आणि ती दोन्हीकडच्या आई-वडिलांनी मिळून ठरवावी.

प्रत्येक बंद दार मात्र इतकं साधं नसतं. मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ खात-झोपत नसेल, शाळेत जायला नकार देत असेल, आधी आवडायच्या गोष्टींतूनही मन उडालं असेल, तर 'रुळेल हळूहळू' म्हणत बसू नये, कोऑर्डिनेटरला कळवावं आणि तज्ज्ञ गाठावा. जगावंसं वाटत नाही किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते असं ते बोललं, तर त्याच दिवशी. घरातल्या कुणाची भीती वाटते असं त्याने म्हटलं तर ते आधी खरं धरून चालावं. अशा वेळी मूल दुसऱ्या घरी हलवलं जातं. साधं पटत नाही म्हणूनही घर बदलता येतं, आणि ती कुणाची नाचक्की नसते. रोटरीत तर मूल एका वर्षात एकाहून अधिक कुटुंबांत राहणं हीच नेहमीची रीत आहे.

या घरात तशी वेळ आली नाही. खोली दोन्ही मुलींनी वाटून घेतली, हा तोडगा त्यांचा त्यांनी काढला, मला तो पसंत पडलाच असता असं नाही. महिनाभराने आईचा फोन आला, तो सकाळच्या बाथरूमवरून दोघींची जुंपते ही तक्रार सांगायला. पाहुणीने आवाज चढवून उत्तर दिलं होतं म्हणे. "मी मध्ये पडू का?" मी म्हटलं, नका पडू. वडिलांचं अजून एक दुखणं शिल्लक आहे. रविवारी ती दुपारपर्यंत खोलीतच असते, आणि त्यांना ते बघवत नाही.