उपग्रहाला समुद्रावरचा वारा कसा कळतो?

प्रश्न : अरबी समुद्रावरील वाऱ्याचा वेग आणि दिशा उपग्रहाच्या आधारे सांगितली जाते. वारा तर डोळ्यांना दिसत नाही. मग सातशे किलोमीटर उंचीवरून तो मोजतात कसा? आणि अगदी किनाऱ्यालगतचे आकडे त्यात का नसतात?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खरे तर उपग्रह वारा मोजतच नाही. तो पाण्याचा खडबडीतपणा मोजतो आणि वारा त्यावरून काढला जातो. होडीतला माणूस दूरवर पाण्याचा पट्टा काळसर झालेला पाहून झुळूक येत असल्याचे ओळखतो, त्याच जातीचे हे निरीक्षण आहे.

आपल्याकडे २००९ मध्ये ओशनसॅट-२, २०१६ मध्ये स्कॅटसॅट-१ आणि २०२२ मध्ये ओशनसॅट-३ या उपग्रहांवरून ‘स्कॅटरोमीटर’ नावाचे रडार पाठवण्यात आले. ओशनसॅट-२ वरील रडार सुमारे २.२ सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी समुद्रावर तिरक्या सोडत असे. पाणी आरशासारखे सपाट असेल तर त्या पुढच्या बाजूस निघून जातात आणि रडारकडे जवळजवळ काहीच परतत नाही. वारा सुटला की पाण्यावर बारीक तरंग उठतात, आणि त्यांतील ज्यांची लांबी रडारच्या लहरींशी विशिष्ट प्रमाणात जुळते (येथे साधारण दीड सेंटिमीटर), त्यांच्यावरून परतणारे प्रतिध्वनी एकमेकांत मिळून बळकट होतात. मोठी लाट दूरच्या वादळातून आलेली असू शकते. हे बारीक तरंग मात्र वारा पडताच विरतात, म्हणून त्यांची साक्ष त्या घटकेच्या वाऱ्यापुरती भरवशाची असते.

दिशेचे काम अधिक अवघड आहे. वाऱ्याच्या रेषेत पाहिले असता प्रतिध्वनी जोरदार आणि आडवे पाहिले असता क्षीण मिळतो, म्हणून फिरत्या अँटेनाने पाण्याचा तोच तुकडा वेगवेगळ्या कोनांतून पाहिला जातो. परंतु वारा समोरून आला काय किंवा पाठीमागून आला काय, प्रतिध्वनीत फारसा फरक पडत नसल्याने गणिताची दोन ते चार उत्तरे निघतात, आणि त्यांतले योग्य उत्तर शेजारच्या नोंदी व हवामानाच्या संगणकीय प्रारूपाच्या मदतीने निवडावे लागते. माझ्या मते या पद्धतीची खरी कसोटी इथेच लागते, कारण चक्रीवादळाच्या केंद्राभोवती, जिथे दिशा भराभर बदलते, तिथेच निवड चुकण्याचा धोका मोठा असतो.

मुसळधार पाऊसही घोटाळा करतो. थेंब लहरी विखुरतात आणि पाण्यावर आपले वेगळे तरंग उठवतात. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरील रडारची लहर पाच सेंटिमीटरांहून लांब असल्याने त्याला हा त्रास कमी होतो.

आता किनाऱ्याविषयी. एकेक नोंद साधारण २५ ते ५० किलोमीटरच्या चौकटीची असते, आणि त्या चौकटीत जमिनीचा थोडा भाग आला तरी तिचा प्रतिध्वनी पाण्याच्या प्रतिध्वनीला झाकून टाकतो. म्हणून तो पट्टा वगळतात. सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहांवरील प्रतिमा घेणारे रडार किनाऱ्याजवळचा वारा बारकाईने दाखवते, पण दिशा त्याला बहुधा प्रारूपाकडून उसनी घ्यावी लागते.

शिवाय स्कॅटरोमीटरचा आकडा पाण्यापासून १० मीटर उंचीवरचा आणि सबंध चौकटीची सरासरी असल्यामुळे एखाद्या होडीला अचानक गाठणारा झोत त्यात दिसत नाही.