पुरवठा साखळीसाठी नवीन तंत्रज्ञान कंपन्या कसं निवडतात?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत तुमचं मशीन शॉप आहे, तीन सॉफ्टवेअरवाले डेमो देऊन गेलेत, तिघांचंही चांगलं वाटतंय आणि अशा वेळी मोठ्या कंपन्या काय बघून ठरवतात ते हवंय. मी इथल्याच एका फौंड्रीत स्टोअर आणि डिस्पॅच बघतो, म्हणून कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या भागांच्या, धंद्यातलंच सांगतो.

पहिली गोष्ट, यातलं बरंचसं आपण निवडतच नाही. ई-वे बिल (मालाच्या गाडीसोबतचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) २०१८ मध्ये आलं. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) २०२० मध्ये पाचशे कोटींच्या वरच्या कंपन्यांना लागू झालं आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या सगळ्यांना. गाडी सुटायच्या आधी पोर्टलवर काय भरायचं, बिनवर (माल भरायच्या पेटीवर) कुठल्या नमुन्याचं लेबल लावायचं, हे ऑटो कंपन्या सांगतात. तेव्हा तिघांनाही आधी एवढंच विचारा: एकदा भरलेली माहिती या सगळीकडे आपोआप जाते का, की आमच्या पोरानं तीच तीन वेळा टाइप करायची?

उरलेली निवड खरी आपली. तिथं कंपन्या मागण्यांची यादी करतात, कोटेशन मागवतात, समिती बसते. पण ज्यांची निवड टिकते ते यादी करण्याआधी आपला माल कुठं नजरेआड होतो ते शोधतात. ग्राहकाच्या कुठल्या फोनला तुम्हाला ‘बघून सांगतो’ म्हणावं लागतं, ते आठवा. आमच्याकडं ते मशीनिंगला बाहेर गेलेल्या मालाचं होतं. कास्टिंग जॉबवर्कला (बाहेर मजुरीवर करून घ्यायच्या कामाला) गेलं की चलन फायलीत आणि माल दुसऱ्याच्या शेडमध्ये. किती तयार झालं, किती रिजेक्ट, किती अजून पडून आहे, याचा पत्ता नाही. त्यात जीएसटीच्या नियमानं तो माल वर्षाच्या आत परत यावा लागतो. आम्हाला मागणीचा अंदाज सांगणारं एआय दाखवत होते. आम्ही घेतलं जॉबवर्कचा हिशेब ठेवणारं साधं मॉड्यूल. तुमच्याकडं हेच उलट्या बाजूनं असणार: दुसऱ्यांचा माल तुमच्या शेडमध्ये.

डेमो एसी ऑफिसात होतो, काम फेटलिंगच्या (कास्टिंगवरचा जादा धातू घासून काढायच्या) धुळीत होतं. म्हणून चाचणी जागेवरच घ्या. आम्ही बारकोडची घेतली तेव्हा कास्टिंगला चिकटवलेलं स्टिकर शॉट ब्लास्टिंगमध्ये (बारीक धातूच्या गोळ्यांचा मारा करून साफ करताना) टिकण्याचा प्रश्नच नव्हता. ट्रॉलीवरच्या कागदी लेबलवर काळी वाळू बसली की स्कॅनर वाचेना, आणि हातमोजे घातलेल्या माणसाला त्या मोबाइलचं बटण दाबता येईना. शेवटी हीट नंबर (धातूच्या कुठल्या वितळणीतला माल ते सांगणारा) कास्टिंगवरच उठवलेला ठेवला, क्यूआर कोड बिनला अडकवलेल्या धातूच्या पट्टीवर आला आणि स्कॅनिंग ब्लास्टिंगनंतरच्या टेबलावर. ही व्यवस्था सुचवली फेटलिंगच्या सुपरवायझरनं. ज्याला रोज वापरायचंय तो माणूस निवडीच्या बैठकीत असायलाच हवा, हे मी अगदी आग्रहानं सांगतो.

पुराचंही बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी आलं आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला. अशा वेळी जीपीएस गाडी कुठं उभी आहे ते दाखवतं. पण कुठल्या ग्राहकाकडं किती दिवसांचा साठा आहे आणि पाणी उतरल्यावर पहिली गाडी कुणाची सोडायची, हे त्यातून कळत नाही. आपल्याला निर्णय कुठला घ्यायचाय, त्यावरून यंत्रणा ठरते.

मोठ्यांचंही चुकतं. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीनं १९९९ मध्ये ऑर्डर आणि वितरणाची सगळी यंत्रणा ऐन हॅलोविनच्या हंगामाआधी एकदम बदलली, आणि सुमारे दहा कोटी डॉलर्सच्या ऑर्डरी पुऱ्या होऊ शकल्या नाहीत. आपल्याकडचा साखर कारखाना गाळप सुरू होताना असं काही करणार नाही, तुम्हीही मार्चअखेरीला करू नका. मर्स्क आणि आयबीएम यांचं ट्रेडलेन्स हे ब्लॉकचेनवरचं (सगळ्यांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीवरचं) जहाजवाहतुकीचं व्यासपीठ २०१८ मध्ये सुरू झालं, पण त्या धंद्यातले सगळे त्यावर यायला हवे होते, ते पुरेसे आले नाहीत. २०२२ च्या शेवटी ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. तुमच्या जॉबवर्करकडं व्हॉट्सॲपच असेल, तर व्हॉट्सॲपवर चालणारी सोय ही उणीव समजू नका.

पैशाचं थोडक्यात: लायसन्सची किंमत दिसते. स्कॅनर, प्रिंटर, शिकवणं आणि आयटम मास्टर (मालाच्या नावांची मूळ यादी) साफ करणं दिसत नाही. बेन्टोनाइट (साच्याच्या वाळूत मिसळायची माती) तीन नावांनी नोंदलेलं असेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर साठा चुकीचाच सांगेल. ही साफसफाई विकत मिळत नाही. आजपासून सुरू करा.

करारात दोन ओळी मात्र हव्याच. सोडायचं झालं तर सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल. आणि रात्रपाळीत बंद पडलं तर फोन कोण उचलेल, माणूस कोल्हापूरचा की पुण्याहून येणार.

आता तिघांनाही तुमची मागच्या महिन्याची खरी चलनं द्या, रिजेक्शन आणि अर्धवट परत आलेल्या मालासकट, आणि तुमच्या स्टोअरकीपरच्या हातून ती भरून घ्या. रजिस्टर चालू ठेवून एकाच ग्राहकाच्या मालावर एक महिनाअखेर काढा आणि प्रत्यक्ष मोजणीशी ताळा करा. तुमचा माल कुणाकडं जातो ते कमेंटमध्ये लिहिलंत, तर त्यांच्या पोर्टलला काय काय लागतं ते मला माहीत असेल तेवढं सांगतो.