सायन्स फिक्शन मालिकेतल्या मूळ वस्तू प्रदर्शनात जवळून पाहिल्या की हिरमोड होतो का?

पहिली दोन मिनिटं होतो. तुम्ही लिहिलंय की 'स्टार ट्रेक' लहानपणापासून जीव की प्राण आहे, आणि लाकूड-प्लास्टिक पाहून ती जादू उतरेल अशी धास्ती वाटते. माझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं.

2018 साली मी वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात गेले होते. 1966 ते 1969 मधल्या मूळ 'स्टार ट्रेक' टीव्ही मालिकेच्या चित्रीकरणात वापरलेलं, त्यातल्या एंटरप्राइझ या अंतराळयानाचं मॉडेल तिथे काचेच्या पेटीत ठेवलंय. चांगलं साडेतीन मीटरच्या आसपास लांब आणि बरंचसं लाकडी. उजव्या बाजूला उभं राहिलं की सगळं ओळखीचं वाटतं. मग मी वळसा घालून डावीकडे गेले आणि थबकलेच. ती बाजू जवळजवळ कोरी! आतल्या दिव्यांच्या तारा त्या बाजूने सोडल्या होत्या, म्हणून कॅमेरा उजवीकडेच लावायचे. जिथे कॅमेरा जाणारच नाही तिथे रंगकाम कशाला? यान पडद्यावर एवढ्या वेळा डावीकडून उजवीकडेच का जातं, हे कोडं मला तिथे उभ्या उभ्या सुटलं. घरी येऊन जुने भाग पुन्हा लावले तेव्हा दर वेळी ती न दिसणारी बाजू डोळ्यांसमोर यायची. जादू उतरली नाही, उलट ती कोणाच्या हातून घडली ते कळलं.

हे मॉडेल 1974 मध्ये स्टुडिओने संग्रहालयाला देऊन टाकलं. 2016 मध्ये मोठी डागडुजी करून ते पुन्हा मांडलं, तेव्हा ते 1967 सालच्या रूपात आणलं. यानाच्या तबकडीसारख्या गोल भागाच्या वरच्या बाजूचा मूळ रंग आणि त्यावर पेन्सिलीने आखलेल्या रेषा मात्र जशाच्या तशा राखल्या. हा निर्णय मला फार आवडतो.

पोशाखांमध्येही असंच सापडतं. एंटरप्राइझच्या कॅप्टन कर्कचा 'सोनेरी' शर्ट खरं तर हिरवट होता. स्टुडिओच्या दिव्यांत आणि फिल्मवर तो सोनेरी दिसायचा. सुरुवातीचे शर्ट वेलूरचे, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचे होते, ते धुतले की आटायचे. यानावरच्या डॉक्टर मॅकॉयची काही उपकरणं म्हणजे चक्क मिठाच्या डब्या! एका भागासाठी वेगळ्या घाटाच्या डब्या आणल्या होत्या, पण त्या मिठाच्या आहेत हे प्रेक्षकांना कळणार नाही असं वाटलं, म्हणून त्या यानावरच्या दवाखान्यात उपकरणं म्हणून गेल्या.

एक काळजी मात्र घ्या. फिरत्या प्रदर्शनांत प्रतिकृतीही बऱ्याच असतात, तेव्हा शेजारची पाटी नीट वाचा. पडद्यावर प्रत्यक्ष वापरलेली वस्तू असेल तर तसं लिहिलेलं असतं. प्रकाश मंद असला तर चिडू नका, फोम आणि लॅटेक्सचे मुखवटे उजेडाने आणि वयाने भुगा होऊन झडतात.

आणि जायचं असेल तर लांबणीवर टाकू नका. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश सायन्स फिक्शन मालिकेचं कार्डिफमधलं मोठं प्रदर्शन 2012 ला उघडलं आणि 2017 ला बंदही झालं. 2006 च्या क्रिस्टीजच्या लिलावात 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिकेतलं एंटरप्राइझचं मॉडेल 5,76,000 डॉलरला गेलं. वस्तू अशी खासगी संग्रहात गेली की तिच्याभोवती वळसा घालून डावी बाजू बघायची सोय राहत नाही.